मेनला हात लावू नये

मी डूख धरणारी बाई आहे, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. मला कुणी बोललं तर मी तिथल्या तिथे दोन शब्द ऐकवते आणि विसरून जाते. पण माझ्या माणसाला कुणी बोललं, आणि माझ्या माणसाने ते मान खाली घालून ऐकून घेतलं, की मग बोलणाऱ्याचं काही खरं नाही. मग मी वाट बघते. गेल्या वर्षी मी अशी वाट बघायला लागले ती आमच्या घरच्या जावयासाठी.

आमचं घर रत्नागिरी शहरापासून थोडं आत, कातळाच्या अलीकडे. चिऱ्याचं घर, मागे हापूसची बाग, बाजूला पत्र्याची पॅकिंगची खोली. नवरा जहाजावर असतो, त्यामुळे वर्षातले बरेच महिने घरात आम्ही दोघीच, मी आणि सासूबाई. बाग त्यांची, आढी त्यांची. गवतात घातलेल्या आंब्यांपैकी कुठला आज तयार आणि कुठला परवा, हे त्या नुसत्या वासावरून सांगतात. गिऱ्हाइकांशी बोलणं आणि पेट्या रवाना करणं माझ्याकडे. लग्नाआधी मी दापोलीला एका पतसंस्थेत होते, तेव्हा कागदाला आणि कॉम्प्युटरला मी भीत नाही.

सासूबाई एकाच गोष्टीला भितात, विजेला. वायरीतल्या नव्हे, आभाळातल्या.

आमच्याकडे मे महिन्यात दुपारचे ढग घाटाकडून चढतात. गुरगुर ऐकू आली की घरोघरी कुणीतरी उठतं आणि दाराजवळच्या मीटरखालचा मेन स्विच पाडतं. इतर घरांत ही नुसती रीत आहे. आमच्या घरात तशी नाही. सासूबाई लहान असताना त्यांच्या माहेरी वीज तारेवरून घरात आली. त्यांचा धाकटा भाऊ भिंतीला टेकून, पाय पसरून बसला होता. तो तसाच बसलेला राहिला. त्या एवढंच सांगतात, पुढचं सांगत नाहीत. लग्न होऊन या घरात आल्यापासून मेन पाडायचं काम त्यांचं. सासऱ्यांनीसुद्धा कधी त्या खटक्याला हात लावला नाही म्हणतात. ढग वाजला की सगळे त्यांच्याकडे बघायचे, त्या उठायच्या, खटका खाली ओढायच्या आणि माणसांना भिंतीपासून लांब, माजघराच्या मधोमध बसवायच्या. वीज लांब गेली की त्याच पुन्हा मेन वर करायच्या.

आता जावई. नणंदेचा नवरा ठाण्याला असतो, कॉम्प्युटरच्या कंपनीत. माणूस वाईट नाही असं सगळे म्हणतात. म्हणू देत. जावई हा दहावा ग्रह असं जुनी माणसं उगाच सांगून गेली नाहीत. मी त्यांना भावोजी म्हणते आणि लिहितानाही अहो-जाहोच करते; मनात काय चालतं तो माझा प्रश्न.

वेबसाईट त्यांनीच काढून दिली. दलालाच्या नादी लागू नका, लोक घरबसल्या पेट्या मागवतील, असं म्हणाले, आणि खोटं म्हणाले नाहीत. पण वेबसाईट बाहेर ठेवायला भाडं कशाला भरायचं म्हणून त्यांनी ऑफिसातला एक जुना कॉम्प्युटर आणला, पॅकिंगच्या खोलीत टेबलावर ठेवला, इंटरनेटची वायर जोडली, आणि आमचं दुकान त्या डब्यातून जगाला दिसायला लागलं. अचानक लाईट गेली तर मशीनला नीट आवरून बंद व्हायला वेळ मिळावा म्हणून मधे एक बॅटरी बसवतात. ती त्याला नव्हती. मी विचारलं होतं. काही लागत नाही वहिनी, असं उत्तर आलं.

पुण्या-नाशकापासून नागपूरपर्यंतची माणसं मागवायला लागली. त्यांची नावं, पत्ते, कुणाला कच्चा हवा, कुणाला तयार, कुणाच्या घरी बारसं आणि कुणाला देवापुढे ठेवायला पहिला आंबा हवा, हे सगळं त्या डब्यातल्या डेटाबेसमध्ये. सासूबाई रोज संध्याकाळी मला ती यादी वाचायला लावायच्या आणि त्याप्रमाणे आढीतून आंबा काढायच्या. नागपूरच्या एका आजींना त्या कधीच भेटलेल्या नाहीत, पण त्यांच्या पेटीला दुसऱ्या कुणाचा हात लागलेला त्यांना खपत नसे.

गेल्या वर्षी ऐन मेमध्ये, आढी गच्च भरलेली असताना, दुपारी ढग वाजले. सासूबाई उठल्या आणि त्यांनी मेन पाडला. संध्याकाळी सगळं पुन्हा सुरू झालं, वेबसाईट उघडली, मी निर्धास्त झाले. सकाळी बघते तर अर्ध्या ऑर्डरी नावाशिवाय, काही पत्त्याशिवाय, आणि जरा वेळाने काहीच उघडेना.

मी भावोजींना फोन लावला. पेट्या भरायला भावकीतल्या बायका आल्या होत्या, माझे हात गवताने भरलेले, म्हणून फोन स्पीकरवर होता. त्यांनी ठाण्याहूनच डब्यात डोकावून बघितलं. काल लाईट गेली होती का, असं विचारलं. मी म्हटलं, विजा होत्या, आईंनी मेन पाडला होता. ते हसले. मग म्हणाले, "आई, तुमच्या अंधश्रद्धेपायी अख्खा सीझन बुडाला बघा."

सासूबाईंच्या हातात एक आंबा होता, तो त्यांनी खाली ठेवला.

मी विचारलं, रोजची कॉपी असेल ना. असते, रात्री आपोआप होते, ते म्हणाले. मग बराच वेळ नुसती बटणं वाजली. कॉपी त्याच डब्यात होती, एकच होती, आणि रोज रात्री नवी कॉपी जुनीवर चढायची. डेटाबेस दुपारी मोडला, रात्री मोडक्याची कॉपी झाली आणि ती चांगल्यावर जाऊन बसली. हे सगळं ते इंग्रजीत पुटपुटले. मी म्हटलं, म्हणजे चांगलं पुसून त्यावर मोडकं लिहिलं का? त्यावर ते म्हणाले, "वहिनी, तुम्हाला नाही कळायचं ते."

आंबा कुणासाठी थांबत नाही. ज्यांचे पत्ते फोनमध्ये सापडले त्यांना पाठवले, ज्यांचे शिव्या देणारे फोन आले त्यांना पाठवले, आणि उरलेला पहिल्या प्रतीचा हापूस कॅनिंगला घातला. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, कॅनिंगला जातो तो डागाळलेला, पडलेला, बारका आंबा. त्याचा रस काढून डबे भरतात. सासूबाईंनी एकेक उचलून गवतात ठेवलेलं फळ क्रेटमध्ये धडाधड ओतलं गेलं आणि त्या बाजूला उभ्या राहून बघत होत्या. नागपूरच्या आजींचा पत्ता काही मिळाला नाही.

त्यानंतर भावोजी आले, आंबे न्यायला. डब्यात रिकामी वेबसाईट नव्याने उभी केली, आणि जाताना मेनच्या वर एक कागद चिकटवून गेले. प्लास्टिकमध्ये बसवलेला, लाल अक्षरांचा, ठाण्याहून छापून आणलेला: मेनला हात लावू नये. नाचता येईना, अंगण वाकडं. अंगणाला मात्र त्यांनी पाटीसुद्धा लावली.

तिथेही संपलं असतं तर मी कदाचित सोडून दिलं असतं. पण पुढे भावकीतल्या एका लग्नात त्यांनी हा किस्सा पंगतीत रंगवून सांगितला. सासूबाई कशा पदर खोचून धावल्या, खटका कसा ओढला, ठाण्यात ह्यांचा फोन कसा वाजला, सगळं हातवारे करून. लोक पोट धरधरून हसले. गणपतीत घरी आलेला प्रत्येक जण दारातून आत येताना कागद वाचायचा आणि विचारायचा, काय काकी, मेन पाडलात की नाही यंदा? सासूबाईही हसायच्या. हसताना त्या समोरच्याकडे न बघता हातातल्या तबकाकडे बघायच्या, ते मी बघत होते.

मी नवऱ्याला फोनवर सांगितलं. तो म्हणाला, जाऊ दे गं, जावई आहे घरचा. जहाजावरून एवढंच बोलणं सोपं असतं.

मी तो सबंध पावसाळा डेटाबेस शिकण्यात घालवला. शेवाळलेल्या पायरीवरून बाहेर कुठे जायचं नव्हतंच. हिंदीतले व्हिडिओ बघितले, इंग्रजीतले थांबवून थांबवून बघितले, आणि जसजसं कळत गेलं तसतशी माझ्या डोक्यात तिडीक जात राहिली. यात न कळण्यासारखं होतं काय? लिहिता लिहिता वीज गेली की अर्धवट लिहिलेलं मोडतं, म्हणून आधी काय करणार त्याची नोंद ठेवून मगच बदल करणारा डेटाबेस वापरायचा. तसा असतो, फुकट मिळतो, आणि भावोजींनी जुन्या प्रकारचाच ठेवला होता. बॅटरी लावायची. कॉपी दुसऱ्या जागी ठेवायची, आणि एकच नाही, मागच्या कित्येक दिवसांच्या वेगवेगळ्या. आमच्या पतसंस्थेतसुद्धा संध्याकाळची कॉपी त्या इमारतीत राहू देत नसत. आणि ठेवलेली कॉपी मधून मधून दुसरीकडे उघडून बघायची, की ती खरंच उघडते का. पेरणीआधी पेंढ्याच्या मुड्यात राखलेलं मूठभर भात ओल्या फडक्यात बांधून रुजतंय का ते आमच्याकडे कुणीही शेतकरी बघतो. ठाण्याच्या कंपनीत बसून ह्यांनी ते एकदाही बघितलं नव्हतं.

आणि सगळ्यात साधी गोष्ट. आमच्याकडे वारा सुटला तरी लाईट जाते, फांदी पडली तरी जाते, काही न होताही जाते. ती काय सासूबाईंना विचारून जाते? त्या दिवशी त्यांनी मेन पाडला नसता तर दुसऱ्या दिवशी लाईट आपली आपण गेली असती आणि तो डबा तसाच मोडला असता. मग भावोजींनी कुणाची अंधश्रद्धा काढली असती?

गणपती गेल्यावर मी वेबसाईट हलवली. वेबसाईटचं नाव आमच्याच ईमेलवर घेतलेलं होतं, हे नशीब. बाहेरच्या सर्व्हरवर भाड्याची चांगली जागा घेतली, रोजच्या कॉप्या तिसरीकडे जायची सोय केली, दर महिन्याला एक कॉपी माझ्या लॅपटॉपवर उघडून तपासायला लागले. पहिल्यांदा उघडली तेव्हा सगळी नावं जागच्या जागी दिसली आणि मी एकटीच टाळ्या वाजवल्या.

दसरा-दिवाळीच्या मधे परतीचा पाऊस गडगडत आला. सासूबाई उठल्या, मेनपर्यंत गेल्या, कागद वाचला आणि परत आल्या. माजघराच्या मधोमध पाटावर पाय वर घेऊन बसल्या. कडकडाट झाला की त्यांचे खांदे उडत होते. मी म्हटलं, आई, त्या डब्यात आता काही नाही, मी सगळं हलवलंय, पाडा खुशाल. त्यांचा विश्वास बसेना. दिवा तर पेटतोय त्याचा, म्हणाल्या. मग मीच उठले, तर त्यांनी माझं मनगट धरलं.

"नको गो. पुन्हा माझं नाव यायचं. जावयांनी लावलनी तो कागद, काढायचा तर त्यांनीच काढूदे."

ज्या बाईने आयुष्यभर या घराला विजेपासून राखलं ती स्वतःच्या घरात खटका ओढायला घाबरत होती, एका प्लास्टिकच्या तुकड्यामुळे. त्या दिवशी मी ठरवलं की हा कागद भावोजींच्याच हाताने निघेल. फोनवर सांगितलं असतं तर ते गोड बोलून मोकळे झाले असते आणि कुणाला कळलंही नसतं. चारचौघांत केलेला अपमान चारचौघांतच फेडायचा असतो. मी डबा चालूच ठेवला. रोज पुसायचे. दसऱ्याला त्याला झेंडूचं फूलही वाहिलं होतं.

यंदा अधिक महिना आला, तोही ऐन आंब्याच्या दिवसांत. अधिकात जावयाला जेवायला बोलवून अनारशांचं वाण द्यायचं असतं. मी सासूबाईंना म्हटलं, थाटात करू. तेहतीस अनारसे मी स्वतः केले, चांदीचं निरांजन आणलं, आणि भावकीतल्या त्या सगळ्यांना जेवायला बोलावलं जे लग्नात हसले होते. एकालाही विसरले नाही.

भावोजी नणंदेला घेऊन आले, रस्त्याच्या नावाने खडे फोडून झाले, आणि हातपाय धुऊन थेट पॅकिंगच्या खोलीत गेले. मागोमाग चारसहा जण. डब्यावर थाप मारून म्हणाले, बघा, वर्षभर मेनला हात नाही, वर्षभर काही बिघाड नाही. मी पदराला हात पुसत विचारलं, म्हणजे आपलं सगळं अजून ह्याच्यातूनच चालतं ना भावोजी? दुसरं कुठून चालणार, ते म्हणाले. त्यांनी वर्षभरात वेबसाईटकडे ढुंकूनही बघितलं नव्हतं, हे मला ठाऊक होतं, पण त्यांच्या तोंडून सगळ्यांसमोर ऐकायला बरं वाटलं.

जेवणं झाली. आमरसावर सगळे सुस्तावले होते. भावोजी माजघरात भिंतीला टेकून, पाय पसरून बसले. आणि ढग वाजला. मी ढगाला बोलावलं नव्हतं, पण त्या दिवसांत दुपारी तो येतोच, आणि मी जेवण मुद्दाम दुपारचं ठेवलं होतं.

सवयीने सगळ्यांनी सासूबाईंकडे बघितलं. मग कागदाकडे बघितलं. कुणीतरी म्हणालं, काकी, बसून राहा हां, आणि दोघं-तिघं खुसखुसले. सासूबाईंनी एक हात दुसऱ्या हातावर ठेवला आणि बसून राहिल्या.

मी उठले आणि मेन पाडला.

पंखा मंदावला. पॅकिंगच्या खोलीत डब्याची घरघर थांबली. भावोजी ताडकन उभे राहिले. "वहिनी, काय केलंत हे?"

"भावोजी, तुमच्या फोनवरून एक पेटी मागवा," मी म्हटलं. "ठाण्याच्या पत्त्यावर."

त्यांना वाटलं माझं डोकं फिरलं. पण सगळे बघत होते, म्हणून त्यांनी फोन काढला. वेबसाईट उघडली. त्यांनी एकदा फोनकडे आणि एकदा थांबलेल्या पंख्याकडे बघितलं. मी म्हटलं, मागवा ना. त्यांनी मागवली, आणि माझ्या हातातला फोन वाजला. मी तो फिरवून सगळ्यांना दाखवला, नाव, पत्ता, एक पेटी, अगदी शेवटच्या म्हाताऱ्यापर्यंत.

मग मी सांगितलं. सावकाश, एकही शब्द न गाळता, मजा घेत घेत सांगितलं. की हा डबा गणपतीपासून रिकामा आहे. की मेन पाडल्याने काही बुडत नाही. गेल्या वर्षी बुडालं ते डब्याला बॅटरी नव्हती म्हणून, आणि मोडक्याची कॉपी चांगल्यावर चढवली म्हणून, आणि ती कॉपी उघडते का हे कुणी कधी बघितलं नाही म्हणून. मला न कळण्यासारखं त्यात काही नव्हतं, हेही सांगितलं. नणंद माझ्याकडे डोळे वटारून बघत होती. मी तिलाही बघू दिलं. भावोजींचे कान लाल झाले होते आणि माझ्या पोटात वर्षभर पेटलेलं काहीतरी निवत होतं, खोटं कशाला बोलू.

"वाण तयार आहे," मी म्हटलं. "पण आधी तो कागद काढा. तुम्ही लावलात, तुम्हीच काढा."

कुणी हसलं नाही. भावोजी मेनपाशी गेले आणि नखाने कोपरा उचकटायला लागले. गोंद चांगला होता. कागद चर्रर्र करत तुकड्या-तुकड्याने निघाला, भिंतीवर पांढरा चिकट चौकोन राहिला. तुकडे खिशात घालून ते परत आपल्या जागी जाऊन बसले, मान खाली घालून.

मी मेन वर केला. पंखा फिरायला लागला. आणि मी माजघराच्या मधोमध पाटावर जाऊन बसले.

पुन्हा गडगडलं, आता जवळ. सासूबाई गुडघ्यावर हात टेकून उठल्या. मेनपाशी गेल्या, त्या पांढऱ्या चौकोनाकडे बघितलं, हात वर केला आणि खटका खाली ओढला. त्यांच्या हातून तो आवाज मी वर्षभरानंतर ऐकत होते. मग त्या वळल्या. मला वाटलं आता त्या बोलतील, सगळ्यांसमोर, जावयाच्या तोंडावर, जे त्यांनी वर्षभर गिळलं होतं ते. त्यांनी बोलावं म्हणून तर मी एवढं केलं होतं.

त्या भावोजींकडे बघत होत्या, त्यांच्या पसरलेल्या पायांकडे आणि मागच्या भिंतीकडे.

"जावईबापू," त्या म्हणाल्या, "भिंतीला टेकून बसू नका हो. इकडे मधे या, माझ्याजवळ."

भावोजी उठले आणि मुकाट्याने मधे आले. मी पाटावरून हलले नाही. माझ्या शेजारी येऊन बसलेल्या सासूबाईंनीच सरकून त्यांना जागा करून दिली.